‘इतर’चा खण

४ सप्टेंबर

तिनं आज माझं नाव ठेवलं! नावं ठेवली नाहीत — नाव ठेवलं, एकच, आणि तेही हसत. "काय खणकर, आज कुठल्या खणात काय पडलं?" एवढं म्हणून रेकॉर्डिंगच्या खोलीत गेलीसुद्धा. मी दहा मिनिटं तसाच उभा. हातातला चहा गार.

आई रोज विचारते, "तू तिथं नेमकं करतोस काय?" मी रोज चिडतो. आज मूड चांगला आहे, तेव्हा निदान वहीला तरी सांगतो. आमचं दूरशिक्षण केंद्र. दोन खोल्या, तिसरा मजला, खाली चष्म्यांचं दुकान. शिकणारे कुठकुठचे, इथं कुणी येत नाही. ते घरी बसून धडे ऐकतात आणि प्रत्येक धड्याखालच्या फलकावर लिहितात — काय समजलं, काय नाही, काय आवडलं. नाव दिसत नाही, फक्त क्रमांक. मी रोज ते सगळं वाचायचं आणि सहा खणांत टाकायचं. आवाज, गती, उदाहरणं, परीक्षा, कौतुक, इतर. शनिवारी त्याचा तक्ता करून शिकवणाऱ्यांना द्यायचा. तक्ता बघून ते धडे सुधारतात, लागलं तर पुन्हा रेकॉर्ड करतात.

खण आता संगणकात असतात. पण पूर्वी शिकणाऱ्यांची पत्रं यायची तेव्हाचं लाकडी कपाट अजून भिंतीला आहे, सहा खणांचं. त्यातल्या ‘इतर’मध्ये कानवाले काका छत्री आणि जेवणाचा डबा ठेवतात. ‘इतर’ तक्त्यात जात नाही. ‘इतर’ कुणीच वाचत नाही.

तर आई, हे करतो. पोस्टमन म्हण हवं तर.

७ सप्टेंबर

आज पुन्हा काचेबाहेर उभं राहून तिचं रेकॉर्डिंग बघितलं. कानवाले काका — आमचे आवाजवाले, कानावरचं ते मोठं यंत्र काढलेलं कुणी पाहिलेलं नाही — त्यांनी मला एक जोडी कानाला लावायला दिली. ती गणित शिकवते. पायाचा अभ्यासक्रम: ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी. अवघड पायरी आली की ती एक श्वास घेते आणि म्हणते, "सोप्पंय!" दोन प. दुसरा प टाळी वाजवल्यासारखा.

"बाई, तो प माइकात फुटतो," काका ओरडले.

"फुटू दे काका, निदान काहीतरी फुटतंय!"

मी हसलो तर काचेतून माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मेलो.

आणखी एक. शिकणाऱ्यांना ती ‘तुम्ही’च म्हणते. सोळा वर्षांची पोर असो की साठीचे आजोबा. केंद्राचे साहेब म्हणाले, "अहो, जरा आपुलकीनं बोला की." तर म्हणाली, "मला त्यांचा चेहरा दिसत नाही. मग निदान मान तरी ठेवू दे." आणि मला ‘तू’. सगळ्या जगाला तुम्ही — मला तू!

११ सप्टेंबर

धडा सात फलकावर लागला. व्यस्त प्रमाण. सहा माणसांना दहा दिवस लागतात तर पंधरा माणसांना किती. त्यात ती अकरा वेळा सोप्पंय म्हणते. मी मोजलं. (मोजलं ते प्रेमानं.)

आणि दुपारी ही पोस्ट, क्रमांक ८३:

"बाई, रागावू नका. तुम्ही सोप्पंय म्हणालात की मी धडा थांबवते. कारण त्याच्यानंतर जे येतं ते मला येत नाही. सोपं येत नसेल तर अवघड कुठून येणार? तो अपूर्णांक उलटा का केला तेवढं सांगा. मी दवाखान्यात वॉर्डात काम करते. नर्सच्या शिक्षणाला गणित लागतं म्हणून बसले आहे."

डोकं सटकलं. एवढी जीव तोडून शिकवते ती, आणि हिला तिच्या एका शब्दाचं ओझं होतंय! येत नाही ते स्वतःला, आणि खापर बाईंच्या डोक्यावर!

हे ‘गती’त जातं? नाही. ‘उदाहरणं’? नाही. शब्दाबद्दलच्या कुरकुरीला खणच नाही.

‘इतर’.

१२ सप्टेंबर

आणखी तिघं. १७, ५४, १२०. सगळ्यांचं तेच — सोप्पंय, सोप्पंय. साथ आलीय काय! ‘इतर’, ‘इतर’, ‘इतर’.

१४ सप्टेंबर

तक्ता दिला. तिच्या नावापुढे सगळं कौतुक. तिनं कागद उलटापालटा केला, मागं काही छापलंय का बघितलं.

"नुसतं कौतुक? ए खणकर, खरं सांग. काही दाबलंयस का?"

"मी कशाला दाबू?"

"व्यस्त प्रमाणाला कुणी शिव्या घातल्या नाहीत? मग एकतर मी फार थोर आहे, नाहीतर ऐकतंय कोण!"

हसली. पण कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. माझा तक्ता, तिच्या पर्समध्ये.

मग जिन्यात बसून चहा. तिनं विचारलं, कॉलेज का सोडलंस? मी नेहमीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या वर्षाला एका प्राध्यापकाशी तत्त्वावरून वाजलं, ते गरीब पोरांना घालूनपाडून बोलायचे, मी भर वर्गात उभा राहिलो, डस्टर आपटला आणि निघालो. ती ऐकत राहिली. "बापरे. डोकं गरम आहे, पण मन चांगलं आहे तुझं."

हे वाक्य तीनदा लिहिलं होतं इथं. दोनदा खोडलं.

१७ सप्टेंबर

८३ पुन्हा. "माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. परीक्षेचा अर्ज २५ तारखेपर्यंत भरायचा आहे. सातवा धडा समजला तर भरीन म्हणते. अपूर्णांक उलटा का केला?"

मला राग आवरला नाही. केंद्राच्या नावानं उत्तर टाकलं. जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे वाचून लाज वाटायला बरं: "कृपया शिक्षकांना दोष देण्याआधी धडा किमान दोनदा नीट ऐकावा."

पाच मिनिटांत तिचं उत्तर.

"चौदा वेळा ऐकला."

१८ सप्टेंबर

खोटं बोलत असेल म्हणून नोंद काढली. कुणी कुठला धडा किती ऐकला, कुठे थांबवला, सगळं आमच्याकडे उमटतं. एरवी कोण बघतं!

चौदा वेळा. खरंच चौदा. पहाटे साडेपाच, दुपारी दोन, पुन्हा दोन, संध्याकाळी सात. आणि प्रत्येक वेळी थांबलंय एकाच जागी. नऊ मिनिटं बारा सेकंद. मी ती जागा लावून ऐकली.

"...आता हा अपूर्णांक उलटा करायचा. सोप्पंय!"

मग बाकीच्यांची नोंद काढली. काढायला नको होती. अठ्ठावन्न जण त्या धड्यात त्याच मिनिटाला थांबलेत. त्यातले अडतीस पुढच्या धड्याला आलेलेच नाहीत. जणू तिथं एक दार आहे आणि ती रोज हसत हसत ते लावून घेतेय, आणि तिला माहीतच नाही. कारण सांगणारा एकच. मी.

हा कागद आज तिला दिला असता तर? — दिला नाही. तिचं तोंड उतरलेलं मला बघवणार नाही, असं स्वतःला सांगितलं.

१९ सप्टेंबर

काल लिहिलं ते अर्धंच खरं होतं. वहीशीही खोटं बोलायचं म्हणजे हद्द झाली.

कॉलेजात तत्त्वबित्त्व काही नव्हतं. प्राध्यापकांनी मला फळ्यापाशी बोलावलं. गणित सोडवायला. मी खडू घेतला, पहिली ओळ उतरवली आणि पुढं काही नाही. डोकं कोरं. मागं साठ पोरं. ते म्हणाले, अगदी प्रेमानंच म्हणाले, "अरे, सोपं आहे हे." पोरं हसली. घालूनपाडून कुणी बोललं नाही. गरीब पोरंबिरं कुणी नव्हती त्या गोष्टीत. डस्टर आपटला हे खरं. कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. घरी सांगितलं भांडण झालं. बाबा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत, आई मात्र शेजारणीला अभिमानानं सांगायची, "आमचा अन्याय सहन करत नाही हो."

मला तो शब्द चांगला माहीत आहे. तिच्या तोंडून आला म्हणून गोड लागला, इतकंच.

२१ सप्टेंबर

शनिवार. तक्ता. पुन्हा नुसतं कौतुक. हो, दिलं! तक्ता पूर्ण तयार होता, छापायच्या आधी ‘इतर’मधल्या पोस्टींवर बोट ठेवून बसलो आणि शेवटी काहीच केलं नाही.

साहेबांनी सगळ्यांपुढे तिचा कागद नाचवला. "बघा! एक तक्रार नाही! धडा सात सगळ्यांनी नमुना म्हणून ऐकायचा."

तीच म्हणाली, "सर, मग धडा आठच्या हजेरीत माझी अडतीस माणसं कमी दिसतात, ती गेली कुठं? तक्रार नाही आणि माणूसही नाही, हे कसं?"

"अहो, गळती सगळीकडेच असते."

तिनं माझ्याकडे बघितलं. विचारायला नाही — आधाराला, जसं आपल्या माणसाकडे बघतात तसं. मी पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

कपाटातल्या ‘इतर’मधून काका डबा काढत होते. म्हणाले, "काय रे, घाम केवढा आलाय तुला. पंखा तर चालू आहे."

२३ सप्टेंबर

८३:

"मी थांबते. अर्ज भरणार नाही. बाईंचा दोष नाही, केंद्रानं बरोबर सांगितलं. डोकंच नाही मला. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, या वयात कशाला. बाईंना माझा नमस्कार सांगा. आवाज फार छान आहे त्यांचा."

‘कौतुक’च्या खणात जातं हे, नियमानं. शेवटच्या ओळीमुळे.

जेवलो नाही. आई म्हणाली, "कुणाशी भांडून आलास का?"

भांडून आलो असतो तर बरं झालं असतं.

२४ सप्टेंबर

सांगितलं.

तोपर्यंत ‘इतर’मध्ये साचलेल्या एक्केचाळीस पोस्टी छापल्या, नोंदीचा कागद वर ठेवला, माझं ते ‘दोनदा नीट ऐकावा’ही ठेवलं आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन तिच्या पुढ्यात धरलं. ती उभ्या उभ्या वाचायला लागली. मग बसली. काकांनी कानाचं यंत्र काढलं — पहिल्यांदा! — आणि आमच्या दोघांकडे बघून परत घातलं.

मी म्हणालो, "तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"थांब." शेवटची पोस्ट वाचून होईपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाली, "माझ्या बाजूनं होतास असं वाटलं तुला?"

मी कॉलेजचंही सांगून टाकलं. फळा, खडू, कोरं डोकं. तत्त्व नव्हतं म्हणालो. का सांगितलं माहीत नाही. कदाचित दया येईल म्हणून — तेही लिहून ठेवतो.

तिनं कागद सारखे केले, टाचणी लावली. म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तिथं कसं वाटतं ते. तुम्हालाच माहीत होतं."

तुम्हाला.

"साहेबांना मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. आणि त्या बाईंना आजच्या आज उत्तर द्या. माझ्या नावानं नको, केंद्राच्या नको. तुमच्या."

शिव्या दिल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, चाललं असतं. तू-चा तुम्ही झालो.

२४ सप्टेंबर, संध्याकाळ

धडा सातखाली लिहिलं. सगळ्यांना दिसेल असं.

"क्रमांक ८३ यांना. तुमचा प्रश्न बाईंपर्यंत पोचलाच नाही. मी पोचू दिला नाही. धडा दोनदा ऐका असं सांगणारा मीच. मी इथं पोस्टी वाचतो. मलाही फळ्यासमोर सोपं आहे म्हणाले होते, आणि मी कॉलेज सोडून पळालो. डोकं नाही हे खरं नाही. कृपया अर्ज भरा. उद्या शेवटचा दिवस आहे."

साहेबांनाही सांगितलं. चष्मा पुसत ऐकलं त्यांनी. काढतील वाटलं. म्हणाले, "आजपासून ‘इतर’चा खण बंद. आणि दर शनिवारी तक्ता द्यायचा नाही. सगळ्यांसमोर उभं राहून एकेक पोस्ट मोठ्यानं वाचायची. तुम्ही."

साहेबही तुम्ही म्हणायला लागले.

२५ सप्टेंबर

दिवसभर ८३ ची नोंद उघडून बसलो. काही नाही. फलक उघडलेलाच नाही तिनं. पाच वाजता अर्ज बंद.

२८ सप्टेंबर

पहिला शनिवार. उभं राहून वाचलं. सोळाव्या पोस्टीला आवाज फाटला. कुणी हसलं नाही. ते आणखी वाईट.

नंतर धडा सातचं काम. काका आधी म्हणाले, "कशाला पुन्हा रेकॉर्ड करता, मी सोप्पंय तेवढं कापतो." अकरा ठिकाणी कापलं. ऐकलं तर प्रत्येक जागी एक खळगा — ती श्वास घेते आणि काहीच म्हणत नाही. काका म्हणाले, "छे, हे तर दात पडल्यासारखं वाटतंय."

ती हसली नाही. माझ्या कानाला जोडी होती हे तिला माहीत नव्हतं, किंवा असेलही. काकांना म्हणाली, "मी त्यांना थोडीच म्हणत होते, काका. मी मला म्हणत होते. व्यस्त प्रमाणात मी स्वतः दोनदा नापास झालेय. ती पायरी आली की अजून घाबरते. मग म्हणते आपलं — सोप्पंय, सोप्पंय."

मी ज्याच्यावर जीव टाकला तो तिचा भीतीचा शब्द होता. सहा महिने काचेपलीकडून बघतोय आणि एवढंही दिसलं नाही मला.

मग तिनं नव्यानं रेकॉर्ड केलं. नवव्या मिनिटाला म्हणाली: "इथं थांबा. इथं मीही अडकले होते, वर्षभर. उलटा का, ते आधी बघू. सगळं काम एकाच माणसाच्या अंगावर टाका. सहा जणांचे दहा दिवस, म्हणजे एकट्याला साठ. आता हे साठ दिवस पंधरा जणांत वाटायला घ्या..."

काकांनी अंगठा वर केला. काचेत माझं तोंड दिसत होतं. मी खाली बघितलं.

३० सप्टेंबर

८३ आली! पुन्हा पुन्हा वाचतोय.

"तुमचं आज वाचलं. मुलीला ताप होता म्हणून आठवडाभर काही उघडलं नाही. अर्जाची तारीख गेली. आता सहा महिने. नवा धडा ऐकला. साठ दिवसांचं समजलं. वॉर्डात आम्ही रोज हेच करतो, एकीची रजा पडली की. मलाच कळलं नव्हतं की ते गणित आहे. मी पुढच्या वेळी बसेन.

तुम्ही परत गेलात का?"

सहा महिने. एका बाईचं अर्धं वर्ष मी एका खणात टाकलं. आणि ती मलाच विचारतेय.

१ ऑक्टोबर

उत्तर लिहायला बसलो. ‘नाही’ एवढंच लिहायचं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. चिडून आईवर ओरडलो, भाजी आळणी आहे म्हणून. मग तिची माफी मागितली. ती घाबरलीच. "बरं नाही का तुला?"

मग तिलाही सांगितलं. अन्यायबिन्याय काही नव्हता आई, मला गणित आलं नाही. भाजीत मीठ घालता घालता म्हणाली, "एवढंच? मला वाटलं मारामारी करून आलास."

आणि थोड्या वेळानं, पाठमोरीच: "शेजारणीला काय सांगू आता?"

३ ऑक्टोबर

८३ ला लिहिलं: "नाही. आज अर्ज भरतोय."

पायाच्याच अभ्यासक्रमाचा. साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही कॉलेजात होता ना?" मी म्हणालो, "होतो, पण नुसता बसलो होतो." त्यांनी शिक्का मारला. कुणाला सांगू नका म्हणालो. म्हणाले, "क्रमांकच दिसतो हो फलकावर, काळजी कशाला."

तिच्याशी बोलणं म्हणजे "तो कागद द्या", "हो, देतो." खणकर म्हणून हाक नाही. दहा दिवस झाले.

७ ऑक्टोबर

तिसऱ्या धड्यातच गाडी रुतली. तिसऱ्या! दुपारी सगळे जेवायला गेल्यावर लिहून टाकलं:

"धडा तीन, सहावं मिनिट. अपूर्णांकानं भागताना दुसरा उलटा करून गुणायचा, हे मी शाळेपासून करत आलो. का करतात ते मला समजलेलं नाही. कधीच समजलं नव्हतं. — क्रमांक २१४."

मग माझीच पोस्ट माझ्याच हाताखाली आली, कुठल्या खणात टाकू म्हणून. ‘इतर’ आता नाही.

८ ऑक्टोबर

सकाळी फलक उघडला. २१४ ला बाईंचं उत्तर आलंय. त्याच्यावर ५४ ला, १२० ला, शाळकरी पोरीला, आजोबांना — सगळ्यांना ‘तुम्ही’, ‘तुमचं’, ‘बघा’.

मला दोनच शब्द.

"कुठं अडकलास?"